तिबलिसीत मागे जागा फार होती

परत आल्यापासून सोसायटीतले लोक विचारतात, "काय सावंत, कसा झाला जॉर्जिया?" मी म्हणतो, "झकास." मग मोबाइलवरचे चार फोटो दाखवतो, ते "वा, काय थंडी असेल ना!" म्हणतात आणि पुढच्या फेरीला निघून जातात. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि मुलुंडमध्ये सकाळी चालायला निघालेल्या माणसाला थांबवून ते सांगता येत नाही. म्हणून लिहून काढतो आहे. तिथले डोंगर, चीज, पाव हे सगळं यात येईल, पण मी डोंगर बघायला गेलो नव्हतो. मी एका सोळा वर्षांच्या मुलीला टेनिसच्या स्पर्धेला घेऊन गेलो होतो आणि तिचं टेनिस तिथे संपवून आलो.

आधी आमच्या कोर्टाबद्दल सांगायला हवं. मुलुंड पश्चिमेला एका जुन्या सोसायटीच्या दोन इमारतींच्या मध्ये आमचं सिमेंटचं कोर्ट आहे. एका बाजूला शेवटच्या रेषेच्या, म्हणजे बेसलाइनच्या मागे पाच फुटांवर कंपाउंडची भिंत आहे. दुसऱ्या बाजूला पंपाची खोली. टेनिसच्या कोर्टाला मागे याच्या चौपट जागा लागते, पण ज्याने हे कोर्ट आखलं त्याने बहुधा बॅडमिंटन डोळ्यांसमोर ठेवलं असावं. इथे बॉल मारायला मागे सरकलं की रॅकेट भिंतीला लागते. बावीस वर्षं मी इथे मुलं शिकवतोय, आणि प्रत्येकाची बोटं त्या भिंतीने एकदा तरी सोलली आहेत.

विशाखा इंगळे या कोर्टावर आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे वडील लिफ्टचे मेकॅनिक. मूळचे बुलढाण्याकडचे, आता मुलुंड-भांडुपच्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या ओळखीच्या. आमच्या बी विंगची लिफ्ट वरचेवर बंद पडायची, तेव्हा शाळा सुटल्यावर पोरगी त्यांच्याबरोबर यायची आणि बाकावर हत्यारांची पिशवी सांभाळत बसायची. एक दिवस कंटाळून तिने रॅकेट मागितली. मी दिली. बोटं सोलली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी रेषेच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. तिथून ती कधी मागे गेलीच नाही. बॉल टप्पा घेऊन वर उठत असतानाच मारायचा, रॅकेट मागे नेमकी वीतभर न्यायची, कारण त्यापलीकडे भिंत. समोरचा सरळ उभा राहायच्या आत बॉल परत त्याच्या पायाशी. लोक म्हणायचे, सावंत सरांनी काय तयार केलीय मुलगी! मीही मान हलवायचो. तयार भिंतीने केली होती.

दहावीचं वर्ष आलं आणि इंगळे माझ्याकडे आले. माणूस सरळ. म्हणाले, "सर, परीक्षा झाली की एकदा बाहेरची स्पर्धा खेळू द्या. जगाची जी यादी असते ज्युनिअरची, तीत पोरीचं नाव लागलं तर मी पुढं काही बोलणार नाही. नाही लागलं तर अकरावी-बारावी सायन्स, आणि रॅकेट माळ्यावर." विशाखाने स्वतः त्यांच्या हातावर हात मारून हे कबूल केलं. मुख्य स्पर्धेतली एक फेरी जिंकली की नाव लागतं. एक मॅच. मला वाटलं, एवढं तर आपण करूच.

सातवा मजला

तिबलिसी हे जॉर्जियाचं मुख्य शहर. एप्रिल सरत आला होता, तरी सकाळी तोंडातून वाफ निघत होती. आम्ही तिघं होतो. विशाखा, मी आणि विशाखाची आई मंगलताई. त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत आणि रजा टाकून आल्या होत्या. साडीवर स्वेटर, स्वेटरवर इंगळ्यांचं जाकीट, पायात पोरीचे जुने स्पोर्ट्स शूज. परदेशात मीही पहिल्यांदाच जात होतो, पण सर असल्यामुळे मला ते दाखवता येत नव्हतं.

राहायची सोय एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये शिरलो, बटण दाबलं, काही होईना. मी सवयीने दार दोनदा आपटलं. विशाखा म्हणाली, "सर, थांबा. हिच्यात पैसे टाकायचे असतात." भिंतीवर खरंच एक पत्र्याचा डबा होता, नाणं टाकायला फट असलेला. आमच्याकडे नाणं एकही नव्हतं. सामान ओढत सात मजले चढलो आणि माझा एक गुडघा तिथेच गेला.

वर पोचल्यावर पोरीने आधी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. "पप्पा, इथे लिफ्टला नाणं टाकावं लागतं! वर जायला पैसे, उतरायला फुकट." इंगळे तिकडे जेवत होते, हातातला घास तसाच. "मशीन रूम दाखव गं. केबल कुठली आहे बघ ना." बापलेकीचं ते बोलणं दहा मिनिटं चाललं, टेनिसचा त्यात शब्द नव्हता.

घरमालकीण मानाना शेजारीच राहायची. साठीची, दणकट बांध्याची, केस लाल रंगवलेले. इंग्रजी मोजून दहा शब्द, बाकी सगळं ती मोबाइलमध्ये बोलायची आणि मोबाइल ते इंग्रजीत म्हणून दाखवायचा. पहिल्याच संध्याकाळी ती मातीच्या भांड्यात काहीतरी घेऊन आली. मंगलताईंनी झाकण उघडून वास घेतला. "अगं बाई, ही तर राजम्याची उसळ." बरोबर मक्याची जाड भाकरी. तीही अगदी आपल्यासारखी, हाताने थापलेली, बोटांचे ठसे दिसणारी. मंगलताईंनी बॅगेतून ठेच्याची बरणी काढली आणि नको नको म्हणत असताना मानानाने चमचाभर ठेचा तोंडात टाकला. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा. तिच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही. ती उठली, घरात गेली, आणि स्वतःची लाल मिरचीची चटणी घेऊन आली. त्यानंतर त्या दोघींना मोबाइलची गरज लागली नाही.

लाल माती

कोर्टं शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होती. आठ कोर्टं, सगळी लाल मातीची, बाजूने उंच झाडं. आत शिरताना एक मोठा भुरा कुत्रा आमच्याबरोबर चालू लागला. तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानात प्लास्टिकचा बिल्ला असतो, लस दिल्याची खूण, आणि ती कोणाच्याही मागे फिरतात. हा पुढचे सगळे दिवस विशाखाच्या बॅगेपाशी झोपला.

विशाखा कोर्टवर गेली आणि बॅग न उघडता आधी चालत सुटली. बेसलाइनपासून मागच्या जाळीपर्यंत. जाळीला हात लावला, वळली, आणि तिथूनच ओरडली, "सर, एवढी जागा कशाला?"

मी हसलो. आजूबाजूची मुलं बघत होती. सगळी त्याच जागेत, रेषेच्या मागे सात-आठ फुटांवर उभी राहून मारत होती. माती बॉल उचलते, गिरकी दिलेला बॉल खांद्यापर्यंत येतो, त्यामुळे तिथे उभं राहून वाट बघायची आणि पूर्ण हात फिरवून मारायचं, ही तिथली रीत. आमची पोरगी एकटीच रेषेवर नाक लावून. मला पहिल्यांदा ते बघून अवघडल्यासारखं झालं. गावाकडून आलेल्या पाहुण्याने सगळ्यांच्या आधी जेवायला बसावं, तसं.

शेजारच्या कोर्टवर पांढरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ दोन मुलांना शिकवत होते. युरोपातल्याच कुठल्यातरी देशाचे. माणूस अगदी सभ्य. जाळीपाशी येऊन इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या मुलीचे हात सुंदर आहेत. पण फार जवळ उभी राहते. तिला कोणी सांगितलं नाही का?"

मी काय बोलावं? सांगायला हवं होतं की आमच्याकडे मागे भिंत आहे. त्यात लाज कसली? पण मी म्हणालो, "होय, होय, त्याच्यावरच काम चालू आहे." ते खोटं होतं, आणि पुढचं सगळं त्या खोट्याला खरं करायच्या नादात झालं.

तिथली एक पद्धत मात्र विशाखाला फार आवडली. खेळून झालं की ज्याने त्याने जाळीची मोठी चटई ओढत सगळं कोर्ट सारखं करायचं, पावलांचे ठसे पुसायचे, मग रेषा झाडायच्या. आमच्याकडे वॉचमन झाडतो, तेही मनात आलं तर. विशाखा गोल गोल चटई ओढत होती आणि कुत्रा चटईच्या मागे. मंगलताई म्हणाल्या, "घरात केरसुणी हातात धरत नाही, इथं बघा."

दोन विजय

मुख्य स्पर्धेत जायला आधी पात्रतेच्या दोन मॅच जिंकायच्या होत्या. पहिली शेजारच्या देशातून आलेल्या एका मुलीशी, दुसरी तिथल्याच एकीशी. दोन्ही मॅच विशाखाने आपल्या पद्धतीने खेळल्या. रेषेवर उभी, वीतभर रॅकेट मागे, टक् की टक्. समोरच्या मुलींना कळेचना बॉल इतक्या लवकर परत येतो कसा. दुसरी मुलगी तर मध्येच जाळीकडे बघून स्वतःशीच बडबडायला लागली. मी लाकडी बाकावर बसून हात चोळत होतो. थंडीने नव्हे, आनंदाने. बावीस वर्षांत मला असा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी आम्ही पाव आणायला गेलो. तिथे जमिनीत तंदूरसारखी भट्टी असते. एक बाई कमरेतून पार आत वाकते, असं वाटतं की गेलीच, आणि होडीच्या आकाराचा पाव भट्टीच्या अंगाला चिकटवून वर येते. विशाखाने गरम पाव रस्त्यातच तोडून खाल्ला. "सर, आता एकच ना?" "एकच." "पप्पांना सांगू?" "जिंकून सांग." तिच्या तोंडातून वाफ निघत होती, पावातूनही. तिला हसताना बघून मला भीती वाटली. आता हिचं नाव लागणार, मग मोठ्या स्पर्धा, मोठे कोच, आणि सगळे विचारणार की हिला उभं राहायला कोणी शिकवलं.

आज हे लिहिताना मला त्या विचाराची किळस येते. पोरगी जिंकत होती आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो.

मधला दिवस

मुख्य स्पर्धेआधी एक दिवस रिकामा होता. सकाळी आम्ही जुन्या गावात गेलो. लाकडी सज्जांची घरं, त्यांवर चढलेले द्राक्षाचे वेल, गंधकाच्या गरम पाण्याची न्हाणीघरं. जमिनीतून विटांचे घुमट वर आलेले आणि सगळीकडे उकडलेल्या अंड्यांचा वास. मंगलताईंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात यापेक्षा बरा वास असतो."

दुपारी फळ्यावर ड्रॉ लागला, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी. समोर तिथलीच एक मुलगी, लांब वेणीची, बॉलला जबरदस्त गिरकी देणारी. पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ फळ्यापाशीच होते. म्हणाले, "हिच्यासमोर जवळ उभं राहाल तर बॉल डोक्यावरून जाईल." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी त्यांच्या मुलांना जे सांगितलं असतं तेच मला सांगितलं.

संध्याकाळी मी विशाखाला कोर्टवर नेलं. बेसलाइनच्या मागे आठ फुटांवर बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली. "उद्या इथून खेळायचं."

ती रेघेकडे बघत राहिली. "इथून?"

"हो. माती आहे, बॉल उडतो. इथे सगळे इथूनच खेळतात."

तिने वीसेक बॉल मारले. अर्धे जाळ्यात, अर्धे मध्येच पडले. पडणारच. वीतभर हात फिरवणाऱ्या मुलीला आठ फुटांवरून ताकद आणायची कुठून? "सर, इथून बॉलची वाट बघावी लागते."

"बघायची. घाई काय आहे?"

"मला बघता येत नाही सर. मध्ये विचार येतात."

"सवय होईल," मी म्हणालो. आठ वर्षांची सवय एका संध्याकाळीत मोडून दुसरी लावायला निघालो होतो मी. मंगलताई बाकावर बसून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "सर, मला खेळातलं कळत नाही. पण पेशंटला गुण येत असताना आम्ही गोळी बदलत नाही."

"ताई, हे वेगळं असतं."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि पोरीच्या खांद्यावर शाल टाकून चालू लागल्या.

चार नंबरचं कोर्ट

सकाळी मंगलताईंनी मोबाइलवरच्या बुद्धाच्या फोटोसमोर पोरीला दोन मिनिटं बसवलं. मानानाने दारात तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. लिफ्टने आम्ही फुकट खाली उतरलो.

मातीवरची माझी रेघ चटईने केव्हाच पुसली होती. तरी विशाखा मोजून तिथेच जाऊन उभी राहिली. मी सांगितलं तर ती विहिरीतही उतरली असती. पहिला सेट सहा-एक गेला. वेणीवाली मुलगी काही ग्रेट खेळत नव्हती. ती नुसती बॉल उंच टाकत होती, आणि आमची पोरगी मागे उभी राहून त्या बॉलची वाट बघत होती. वाट बघणं तिला कधी लागलंच नव्हतं. तिचा चेहरा मी आठ वर्षं बघतोय. कोर्टवर तो कधी विचारात पडलेला नसायचा. त्या दिवशी होता.

दुसऱ्या सेटमध्ये शून्य-दोन झालं. आणि मग विशाखाने स्वतःच काहीतरी ठरवलं. ती चालत पुढे आली. रेषेवर. आपल्या जागी. पुढच्या गेममध्ये वेणीवालीला एकही बॉल धड मारता आला नाही. त्याच्या पुढच्यातही तेच. दोन-दोन. मंगलताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. कुत्रासुद्धा उठून बसला.

विशाखाने वळून माझ्याकडे बघितलं. बाहेरून बोलायला मनाई होती, पण नजरेला कोण अडवणार? ती विचारत होती, राहू इथेच?

पांढऱ्या टोपीवाले माझ्या मागच्या बाकावर बसले होते. हळूच म्हणाले, "बघा, पुन्हा विसरली."

मी हात वर केला. तळवा तिच्याकडे केला आणि दोनदा मागे ढकलल्यासारखा हलवला. मागे. मागे जा.

ती एक क्षण जास्त थांबली. तेवढ्यात मला हात खाली घेता आला असता. नाही घेतला. मग तिने मान हलवली आणि आठ फूट मागे जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिला एकही गेम मिळाला नाही. सहा-एक, सहा-दोन. पाऊण तासही लागला नाही.

तिने जाळ्यापाशी हात मिळवला आणि मग नियमाप्रमाणे चटई घेऊन फिरायला लागली. वरून मला तिची पावलं दिसत होती. मागे आठ फुटांवर माती पार तुडवलेली, खड्डे पडलेले. रेषेपाशी जेमतेम दोन गेमचे ठसे. ती चटई ओढत गेली आणि तेही पुसले गेले.

बाहेर आली. रडली नव्हती. रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत म्हणाली, "सॉरी सर. मला मागून नाही जमलं."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे गं. होतं असं." तिने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

रात्रीच्या जेवणाला मानानाने चीज भरलेली मोठी भाकरी केली, वर अंडं फोडलेलं. मोबाइलमध्ये काहीतरी बोलली, आणि मोबाइल म्हणाला, "ज्याने तिला हरवलं त्याला मी ओळखते का?" ती वेणीवाल्या मुलीबद्दल विचारत होती.

दोन नद्या

परतीच्या विमानाला अजून दोन दिवस होते. मिनीबसने आम्ही जवळच्या जुन्या राजधानीला गेलो. तिच्या नावात सुरुवातीलाच इतकी जोडाक्षरं आहेत की मी ते म्हणायचा नाद सोडला. डोंगराच्या टोकावर एक दगडी चर्च आहे, दीड हजार वर्षांचं म्हणतात. बायकांना डोकं झाकूनच आत जावं लागतं आणि दाराशी त्यासाठी रुमालांची टोपली ठेवलेली असते. मंगलताईंनी नुसता पदर घेतला. आत मेणबत्त्या, काळोख, गारवा. त्या एका कोपऱ्यात डोळे मिटून उभ्या राहिल्या. विशाखा बाहेरच कठड्यावर बसली होती.

खाली दोन नद्या मिळतात. एक गढूळ, एक हिरवट. मिळाल्यावरही बराच वेळ दोन्ही रंग वेगळे वाहत जातात. सुंदर होतं. असं काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

मंगलताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सर, एक विचारू? पुढे जाऊन दोन गेम जिंकली पोरगी. मग तुम्ही हात का केला?"

"ताई, लांबचा विचार करावा लागतो. पुढे मोठ्या स्पर्धांत..."

"लांबचं कुठं होतं, सर? एवढी एकच मॅच होती." त्या रागाने बोलल्या नाहीत. वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात तशा बोलल्या. वारा फार होता. त्यांनी पदर कानावरून घेतला आणि पोरीकडे गेल्या.

निघायच्या दिवशी मानानाने आक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या माळा दिल्या. मंगलताईंनी उरलेला ठेचा बरणीसकट तिला देऊन टाकला. कोर्टवरचा कुत्रा आता कुणाच्या बॅगेपाशी झोपला असेल, असं विशाखा टॅक्सीत म्हणाली.

मुलुंड

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "तोंड लपवून किती बसतलात?" मग इंगळ्यांना फोन केला. ते एका टॉवरच्या गच्चीवर मशीन रूममध्ये होते. वर गेलो. मोठं चाक फिरत होतं, ग्रीसचा वास येत होता, आणि इंगळे हातातल्या फडक्याला बोटं पुसत ऐकत होते. मी सगळं सांगितलं. भिंत, टोपीवाले गृहस्थ, मातीतली रेघ, माझा हात. म्हणालो, "ती हरली नाही इंगळे, मी हरवलं तिला. अट मोडा म्हणत नाही. पण एक संधी द्या. यंदाच, अजून एक स्पर्धा."

हातातलं फडकं त्यांनी खिशात खोचलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही खरं सांगितलं, तुमचे उपकार आहेत. पण आता मला सांगा. तिला तर तुम्हीच सर. आठ वर्षं तुम्ही म्हणाल ते ती करते. आणि तुम्हीच म्हणताय की माझं ऐकून हरली. मग पुढल्या वेळी मी तिला कोणाच्या भरवशावर पाठवू?"

खाली उतरताना त्यांनी लिफ्टचं दार माझ्यासाठी धरलं.

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले, ठाण्याच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळेल असे. विशाखा पेढे घेऊन कोर्टवर आली. रॅकेट होती बरोबर. "माळ्यावर टाकायच्या आधी चार बॉल मारूया, सर?"

मी जाळ्यापाशी उभा राहून हाताने बॉल टाकला. ती मागे गेली. एक पाऊल, दोन, हात पूर्ण फिरवायला रॅकेट मागे नेली, आणि ती भिंतीवर आपटली. बोटं सोलली. मागच्या आठ वर्षांत त्या भिंतीला तिचा धक्का लागला नव्हता.

मी धावत गेलो. दोन बोटांवर रक्त आणि चुना. तिने ती तोंडात धरली.

"माझं चुकलं गं," मी म्हणालो. "तिकडे. माझं चुकलं."

"माहीत आहे, सर."

"पप्पांनी सांगितलं?"

"नाही. तेव्हाच कळलं होतं. दोन गेम घेतले ना, तेव्हाच."

"मग ऐकलंस कशाला माझं?"

तिने बोटांवर फुंकर घातली. तिला तो प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुम्ही हात केलात ना, सर."

मग बोटं टी-शर्टला पुसून ती परत रेषेवर जाऊन उभी राहिली. पायांत अंतर घेतलं, वाकली, रॅकेट पुढे धरली. अगदी पूर्वीसारखी. "टाका."

मी बॉल टाकला. तिचा पाय मागेच गेला.